कोकणातल्या रुग्णालयांसाठी पर्यावरणपूरक व्यवस्था: खर्च किती, फायदा किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली २० ते ५० खाटांची प्रसूतिगृहं, ट्रस्टची रुग्णालयं आणि डायलिसिस केंद्रं डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. हिशेबात वीज १० रुपये युनिट आणि डिझेल ९० रुपये लिटर धरलं आहे. तुमच्या बिलावरचा दर घालून प्रत्येक आकडा पुन्हा मांडून बघा.

पैसे मोजकेच आहेत. सुरुवात सोलरपासूनच करायची ना?

नाही. सोलर चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतं. आधी गळती शोधा, कारण वाया जाणारी वीज सोलरवर चालवली तरी ती वायाच जाते, आणि तिच्यासाठी घेतलेले पॅनेल मात्र तुमच्या पैशाचे असतात.

पहिल्या महिन्यात काहीही विकत न घेता चार नोंदी ठेवा. रात्री १२ आणि पहाटे ५ वाजताचं विजेचं रीडिंग. त्याच वेळी वरच्या टाकीतली पाण्याची पातळी. प्रत्येक रंगाच्या पिशवीचं रोजचं वजन. आणि भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूच्या सिलिंडरचं वजन, त्याबद्दल पुढे. रात्रीच्या पाच तासांत ओपीडी, लॅब, एक्स-रे बंद असताना वीज अपेक्षेपेक्षा जास्त जळत असेल, तर कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक निघतं: चालू राहिलेला गीझर, फ्लोट बिघडल्यामुळे थांबत नसलेला पंप, किंवा रिकाम्या खोलीतला एसी.

सगळ्यात लवकर पैसे कशातून वसूल होतात?

पंख्यांतून. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. वॉर्डातला पंखा दिवसाला २० तास चालतो असं धरलं, तर एका पंख्यामागे वर्षाला ३२८ युनिट, म्हणजे सुमारे ३,३०० रुपये वाचतात. पंख्याची किंमतही साधारण तेवढीच. घरात हे पैसे सुटायला बरीच वर्षं लागतात, कारण तिथे पंखा इतका वेळ चालत नाही. रुग्णालयात वर्षभरात हिशेब मिटतो.

एक काळजी घ्या. मृगाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा या पंख्यांमधली सर्किटं जळतात. मुख्य पॅनेलवर सर्ज प्रोटेक्शन बसवा आणि अर्थिंग मे महिन्यात तपासून घ्या. कातळावरच्या इमारतीला उन्हाळ्यात चांगलं अर्थिंग मिळणं कठीण असतं, त्यामुळे कोरड्या दिवसातलं रीडिंगच खरं धरायचं.

कोकणात सोलर परवडतं का? इथे तर चार महिने पाऊस.

परवडतं, पण विक्रेत्याच्या कागदावरचा आकडा तसाच घेऊ नका. कोटेशनमध्ये अनेकदा किलोवॅटमागे वर्षाला १,५०० युनिट लिहिलेले असतात. किनाऱ्यावर १,३५० धरून चाला. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन एप्रिलच्या निम्म्यावर किंवा त्याखाली येतं.

२० किलोवॅटचं उदाहरण घेऊ. वर्षाला २७,००० युनिट, म्हणजे २ लाख ७० हजार रुपये. किलोवॅटला ५५ हजार धरले तर ११ लाख, आणि खाऱ्या हवेला टिकणाऱ्या सांगाड्यासाठी वर एक लाख. साडेचार वर्षांच्या आसपास पैसे सुटतात. जागा किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागते.

गरजेपेक्षा मोठा प्लांट घेऊ नका. महावितरणच्या नेट मीटरिंगमध्ये (जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीत) वर्षअखेर उरलेल्या युनिटना मिळणारा दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. नियम आणि दिवसातल्या वेळेनुसारचे दर बदलत राहतात, म्हणून करारावर सही करण्याआधी विभागीय कार्यालयातून चालू नियम लेखी घ्या. आणि ‘पीएम सूर्यघर’चं अनुदान फक्त घरांसाठी आहे. रुग्णालयाला ते मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खासगी रुग्णालयाला प्राप्तिकरात सोलरवर ४० टक्के दराने घसारा घेता येतो, तो खरा फायदा सीएकडून समजून घ्या.

शेजारच्या इमारतीवरचं सोलर तीन वर्षांत गंजलं. असं का होतं?

कारण घाटावर चालणारा माल इथे बसवला जातो. आधीच गॅल्व्हनाइझ केलेल्या पातळ पट्ट्या आणून जागेवर कापल्या आणि भोकं पाडली, की प्रत्येक कापलेली कड उघडी पडते. दुसऱ्या पावसाळ्यात तिथून तांबडे ओघळ सुरू होतात. खरेदी-आदेशात हे लिहून घ्या: सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइझ्ड, जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉन, सगळी कापणी आणि भोकं गॅल्व्हनाइझिंगच्या आधी. नट-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ ग्रेड खाडीपासून लांब ठीक आहे, समुद्र दिसतो तिथे नाही. स्टील आणि अॅल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर हवाच, नाहीतर मिठाच्या ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. पॅनेलला आयईसी ६१७०१ ही क्षारयुक्त हवेची चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र मागा.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. पावसापासून वाचायला आपण स्लॅबवर पत्र्याची शेड घालतो आणि मग तिच्यावरच पॅनेल बसवायचं ठरतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आलं तेव्हा शेडच्या शेडी उडाल्या, पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. नुसत्या पत्र्याला जे-हुकाने अडकवलेलं पॅनेल पत्र्यासोबत जातं. भार पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या तुळयांवर) आणि खांबांतून स्लॅबपर्यंत गेला पाहिजे, आणि स्ट्रक्चरल इंजिनियरची सही त्या नकाशावर हवी.

धुणं: नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर, गोड्या पाण्याने. मचूळ विहिरीचं पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. वानरांचा त्रास असेल तर पॅनेलखालच्या वायरी पाइपातून न्या.

लाईट गेल्यावर सोलर चालेल ना?

साधं, ग्रिडला जोडलेलं सोलर चालत नाही, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते आपोआप बंद होतं. हे आधी न कळल्यामुळे सगळ्यात जास्त निराशा होते.

ज्यावाचून रुग्णाच्या जिवाला धोका आहे, तेवढ्याच भारासाठी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ७०० वॅट, बाळाचा वॉर्मर ६००, लसींचा फ्रीज १५०, प्रसूती कक्षाचे दिवे २००. एकूण १,६५० वॅट. १० युनिटची लिथियम बॅटरी हा भार सुमारे पाच तास ओढते. जनरेटर लिटरमागे साडेतीन युनिटच्या आसपास देतो, म्हणजे नुसत्या डिझेलचाच खर्च युनिटला २५ रुपयांवर जातो. वीज थोडा वेळ गेली तर बॅटरी आणि जास्त वेळ गेली तर जनरेटर ही वाटणी बरी पडते. सोलर आणि जनरेटर एकाच वेळी चालणार असतील तर मध्ये कंट्रोलर लागतो, नाहीतर सोलरची वीज जनरेटरमध्ये उलटी शिरून तो बिघडतो.

बॅटरी आणि जनरेटर कुठे ठेवता हेही बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते विसरण्यासारखं नाही. चिपळूण, खेड, महाड, राजापूर अशा पुराच्या गावांत तळमजल्यावरचं जनरेटर-घर हा सगळ्यात महागडा ‘वाचवलेला’ खर्च ठरतो. माहीत असलेल्या सर्वोच्च पूररेषेच्या वर चौथरा घ्या.

जैववैद्यकीय कचरा नीट वेगळा केल्याने पैसे वाचतात का?

कचरा नेणाऱ्या कंपनीशी तुमचा करार किलोवर असेल तर लगेच वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार रुग्णालयाच्या कचऱ्यातला साधारण ८५ टक्के भाग घरच्यासारखाच असतो: खरकटं, कागद, खोके, शहाळी. नातेवाइकांनी आणलेलं शहाळं पिवळ्या पिशवीत गेलं, तर त्याच्या दीड-दोन किलोचे जाळण्याचे पैसे तुम्ही भरता. करार खाटेवर असेल तर बिल कमी होत नाही, पण नूतनीकरणाच्या वेळी वर्षभराची वजनं समोर ठेवून दर बोलता येतो.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत शरीराचे भाग, रक्ताने भिजलेला कापूस-ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत सलाईनचे सेट, कॅथेटर, हातमोजे, सुईविना सिरिंज. सुया-ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या खोक्यात. चुका ठरलेल्या असतात. सिरिंजसकट सुई लाल पिशवीत जाते आणि मावशींच्या हाताला टोचते. प्लॅस्टिकचं सामान पिवळ्यात जातं आणि भट्टीत पीव्हीसी जळून डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होतं. म्हणून डबा कोपऱ्यात नको, हाताशी हवा: इंजेक्शन ट्रॉलीवरच सुईचा डबा आणि लाल पिशवी. चार पावलं लांबचा डबा रात्रपाळीत वापरला जात नाही, यात सिस्टरांचा दोष नाही.

पिशव्या पागोळीखाली ठेवल्या तर पावसाचं पाणीही किलोच्या भावाने जाळायला जातं. बंद, फरशीची, कुलूप लागणारी खोली बांधा.

दरड कोसळून घाट बंद झाला आणि कचऱ्याची गाडी आली नाही, तर?

प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. अडचण आलीच तर दुर्गंधी आणि संसर्ग होणार नाही याची व्यवस्था करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह कळवावं लागतं. ईमेल करा, प्रत फाइलला लावा. प्रसूतिगृहाने वारेसाठी, म्हणजे प्लासेंटासाठी, एक छोटा डीप फ्रीजर ठेवावाच. मात्र फ्रीजर असला म्हणजे ४८ तासांची अट संपली, असं नाही.

आवारात खड्डा करून पुरलं तर?

अनेक रुग्णालयांचा कचरा घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राची सेवा मिळत असेल तर परवानगीच नाही. दुर्गम भागासाठी जो खोल खड्डा नियमात आहे तो २ मीटर खोल, आणि त्याच्या तळापासून भूजल किमान ६ मीटर खाली हवं. म्हणजे जमिनीपासून ८ मीटर. जुलैत आपल्या विहिरी कुठवर भरतात ते आठवा. हात बुडवून पाणी घेता येतं अशा जागी ही अट पाळता येणं शक्य नाही. शिवाय जांभा दगड स्पंजासारखा सच्छिद्र असतो, खड्ड्यातलं पाणी शेजारच्या विहिरीत पोहोचायला वेळ लागत नाही.

सांडपाणी प्रकल्प बसवला, तरी पाण्याला वास येतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा हायपोक्लोराइट. नळीत, बेसिनमध्ये, फरशीवर सढळ हाताने ओतलेलं ब्लीच टाकीत पोहोचतं आणि घाण खाणारे जिवाणूच मारतं. मग हवा चालू, पंप चालू, पण शुद्धीकरण होत नाही. लॅबचं निर्जंतुक केलेलं द्रव वेगळ्या छोट्या टाकीत घ्या, त्यातलं क्लोरीन उतरू द्या आणि हळूहळू सोडा. निर्जंतुकीकरण सर्वांत शेवटच्या टप्प्यावर करायचं असतं.

दुसरं कारण वीज. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर काही तास बंद राहिला की गाळ सडू लागतो. ब्लोअरचा भार जनरेटरवर घ्या. तिसरं, स्वयंपाकघराचं तेल: ग्रीस ट्रॅप आठवड्याला साफ झाला नाही तर फेस आणि चिकट थर येतो.

बाहेर सोडताना पाण्यातली घाण दाखवणारे दोन आकडे, बीओडी ३० आणि सीओडी २५०, तसंच तरंगणारे घन पदार्थ १०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत, तेल १० च्या आत, पीएच ६.५ ते ९ हवा. हा प्रकल्प पैसे परत देत नाही, हे आधीच मान्य करून अंदाजपत्रकात धरा. खाडीतले मासे आणि खालच्या वाडीतल्या विहिरी हाच त्याचा मोबदला आहे.

मे महिन्यात टँकर, जुलैत पूर. पाण्याचं काय करावं?

३० खाटांना भारतीय मानकाच्या ३४० लिटरप्रमाणे रोज सुमारे १०,२०० लिटर पाणी लागतं. २,००० चौरस फुटांच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि ८० टक्के हाती आला, तर साडेचार लाख लिटर होतात. कागदावर दीड महिन्याचं पाणी. पण ५०,००० लिटरची टाकी म्हणजे जेमतेम पाच दिवस. म्हणून ‘पावसाचं पाणी मेपर्यंत पुरवू’ ही कल्पना सोडा. पन्हळीचं पाणी पहिली सर सोडून देऊन, गाळून, जून ते सप्टेंबर कपडे धुण्याला आणि शौचालयांना वापरा. पंपाची वीज वाचते. शेवटच्या पावसात टाकी भरून राखीव ठेवा.

सड्यावर (कातळाच्या पठारावर) जिरवलेलं पाणी जांभ्यातून झऱ्यांवाटे लवकर निघून जातं, मेपर्यंत थांबत नाही. किनाऱ्यालगत विहिरीत पाणी सोडण्याचा उपयोग वेगळा: गोड्या पाण्याचा दाब राहिला की खारं पाणी मागे राहतं.

डायलिसिसच्या आरओचं टाकाऊ पाणी वापरता येतं का?

येतं, आणि वापरलंच पाहिजे. एका डायलिसिसला मिनिटाला ५०० मिलिलिटरप्रमाणे चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. आरओ निम्मं पाणी फेकत असेल तर १० रुग्णांमागे रोज १,२०० लिटर गटारात जातं. मे महिन्यात आठ दिवसांना १०,००० लिटरचा एक टँकर, एवढं ते आहे.

हे पाणी रुग्णाला लागलेलं नसतं, फक्त क्षार जास्त असतात. मूळ पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २०० असेल तर टाकाऊचा ४०० च्या आसपास. शौचालय, फरशी, कपडे सगळ्याला चालतं. विहीर मेमध्ये खारावून १,५०० वर गेली तर टाकाऊ ३,००० होतं, तेव्हा ते फक्त शौचालयाला. बाग जळते, नळ खराब होतात. टीडीएस मीटर रोज लावा आणि वहीत लिहा. आणखी एक: आरओच्या आधीचा कोळसा क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे या टाकीत शेवाळ पटकन धरतं. थोडं क्लोरीन घाला आणि पाइपाला वेगळा रंग द्या, म्हणजे कुणी ते चुकून पिण्याच्या नळाला जोडणार नाही.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) भुलीच्या गॅसचा इतका विचार कशाला?

कारण इथे एकाच निर्णयाने खर्च आणि उत्सर्जन दोन्ही उतरतात. सेव्होफ्लुरेन हे हुंगायचं भुलीचं औषध ताशी किती मिलिलिटर जातं, त्याचा ठोकताळा: ३ गुणिले गॅसचा प्रवाह (लिटर प्रतिमिनिट) गुणिले टक्केवारी. ४ लिटर प्रवाहावर २ टक्के ठेवलं तर तासाला २४ मिलिलिटर, १ लिटरवर ६. महिन्याला १०० तास भूल दिली जात असेल तर १,८०० मिलिलिटरचा फरक, म्हणजे २५० च्या सात बाटल्या. सुरुवातीची काही मिनिटं प्रवाह जास्त लागतो आणि सोडालाइम (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे खडे) थोडं अधिक खर्ची पडतं, तरी सहा बाटल्या नक्की वाचतात. ऑक्सिजन आणि भुलीच्या वाफेचं प्रमाण दाखवणारा मॉनिटर नसेल तर मात्र हे करू नका. निर्णय भूलतज्ज्ञांचाच.

डेस्फ्लुरेन या दुसऱ्या भुलीच्या औषधाची तापमानवाढीची क्षमता सेव्होफ्लुरेनच्या सुमारे २० पट आहे. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला. छोट्या रुग्णालयाला त्याची गरज क्वचितच पडते.

नायट्रसची गळती गेजवर दिसत नाही. सिलिंडरमध्ये तो द्रवरूप असतो आणि द्रव संपेपर्यंत दाब तसाच राहतो. शनिवारी रात्री सिलिंडर मोजा, ओटी बंद असेल तर सोमवारी सकाळी पुन्हा मोजा. वजन उतरलं तर पाइपलाइन गळते आहे. तिच्या दुरुस्तीवर खर्च करण्यापेक्षा मॅनिफोल्ड (पाइपलाइनला वायू पुरवणारी सिलिंडरांची जोडणी) बंद करून मशीनवरच छोटा सिलिंडर लावणं बहुतेक ठिकाणी पुरतं. नायट्रसचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोइतकं वातावरण तापवतो.

रात्री ओटीचा एसी पूर्ण बंद केला तर वीज वाचेल की.

पुण्यात वाचेल. इथे पावसाळ्यात बंद ओटीच्या छतावर दव धरतं, फिल्टर ओले होतात आणि तीन-चार दिवसांत काळी बुरशी येते. मग धुरीकरण, कल्चर, रद्द झालेली ऑपरेशनं. बंद करण्याऐवजी हवेचा वेग कमी ठेवून, दाब आतून बाहेर राहील एवढा चालवा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवा. वॉर्डातले एसी २४ वर ठेवा. बाहेरच्या युनिटची कॉइल कोटिंगवाली घ्या, महिन्याला गोड्या पाण्याने धुवा.

ऑपरेशनच्या वेळी रुग्णावर घालायचे ड्रेप कापडी परवडतात की वापरून फेकायचे?

आठ महिने कापडी. जून ते सप्टेंबर प्रश्न धुण्याचा नसतो, वाळण्याचा असतो. दमट कापड ऑटोक्लेव्हमध्ये घातलं की पॅक ओले निघतात, आणि ओला पॅक निर्जंतुक धरता येत नाही. हायड्रोने (कपडे पिळणाऱ्या यंत्राने) पाणी नीट काढा, बंद खोलीत पंखे आणि डीह्युमिडिफायर लावा, प्रत्येक टेबलामागे चार संच ठेवा. हे जमत नसेल तर पावसाळ्यापुरते डिस्पोजेबल घ्या. अर्धवट वाळलेल्या कापडापेक्षा तो खर्च बरा.

पाऱ्याचे जुने थर्मामीटर आणि बीपीची मशीनं?

काढून टाका. बीपीच्या एका मशीनमध्ये ८० ते १०० ग्रॅम पारा असतो. सांडला तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम लावू नका. जाड कागदाने गोळा करून पाणी भरलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पिवळ्या पिशवीत टाकलात तर भट्टीतून तो हवेत जातो.

पावसाळ्याआधी नेमकं काय तपासायचं?

२५ मेच्या आत: पॅनेलचे बोल्ट पान्याने आवळून बघा, पन्हळीतला पाला काढा, कचराखोलीचं छप्पर आणि उंबरठा बघा, सांडपाण्याच्या टाकीत पावसाचं पाणी शिरत नाही ना ते पाहा, अर्थिंग मोजा, जनरेटरला आठवड्याचं डिझेल भरा. कचरा नेणाऱ्या कंपनीच्या चालकाचा आणि त्याच्या पर्यायी चालकाचा नंबर सिस्टरांच्या टेबलावर चिकटवा, कारण महामार्ग बंद झाल्याचं सगळ्यात आधी चालकांनाच कळतं.